पडलेली पिशवी उचलताना : फ्रीस्टाइल फुटबॅगचे पहिले धडे

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी लेख द्यावयाचा म्हटले, की लेणी, शिलालेख, परिषदा आणि सत्याग्रह हेच विषय वाचकांना अपेक्षित असतात. आजवर आम्हीही तेच लिहीत आलो. या अंकासाठी मात्र आम्ही मुठीत मावणाऱ्या एका पिशवीविषयी लिहिणार आहोत. ही पिशवी पायांनी खेळावयाची असते. तिला फुटबॅग म्हणतात. ती पायावर झेलणे, तोलून धरणे, हवेत असताना तिच्याभोवती पाय फिरवून पुन्हा झेलणे, अशा करामतींच्या खेळास फ्रीस्टाइल फुटबॅग असे नाव आहे.

पन्नाशी ओलांडल्यानंतर आम्ही हा खेळ शिकावयास घेतला. आम्ही त्यात प्रवीण झालो असा दावा नाही. परंतु नवशिक्याला कोठे अडते, हे नवशिक्यालाच ताजे आठवत असते. तेवढ्या अधिकाराने हा लेख लिहीत आहोत. खेळाचा इतिहास, त्याचे साधन, सरावाच्या पायऱ्या आणि त्या सरावाने आमच्यातील शिक्षकाला शिकवलेला एक धडा, असा या लेखाचा क्रम आहे.

पिशवी शाळेत कशी आली

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेला आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यानंतर शाळेला भेट द्यावयास आला. त्याच्या खिशात ही पिशवी होती. सायंकाळी मैदानावर मुलांनी त्याला घेरले. तो बोलत बोलत पिशवी एका पायावरून दुसऱ्या पायावर नेत होता. मुले अवाक् झाली. जाताना त्याने ती पिशवी आमच्या हाती दिली आणि म्हणाला, "सर, तुम्हीही करून बघा."

मुलांच्या देखत नाही कसे म्हणावयाचे? आम्ही पिशवी सोडली, पाय उचलला, आणि पिशवी धुळीत पडली. दुसऱ्यांदा ती आमच्या गुडघ्याला लागून थेट भोजनगृहाच्या पायरीपर्यंत गेली. वसतिगृहातील मुले तोंडावर हात ठेवून हसत होती. सत्तावीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्या माणसाला, मुलांसमोर काही येत नसण्याचा तो अनुभव फार अवघड गेला. त्या रात्री आम्ही ठरवले की हे नियमाने शिकावयाचे. रोज सायंकालीन वंदनेपूर्वी वीस मिनिटे, मैदानावर, सर्वांसमक्ष.

खेळाचा उगम

फुटबॅगचा इतिहास फार जुना नाही. इ.स. १९७२ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या ओरेगन सिटी या गावी माइक मार्शल आणि जॉन स्टॉलबर्गर या दोन तरुणांची गाठ पडली. मार्शल हाताने शिवलेली एक छोटी पिशवी पायाने उडवीत असे. स्टॉलबर्गरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि पायात पुन्हा बळ यावे म्हणून तो व्यायाम शोधत होता. मार्शलची पिशवी त्याच्या उपयोगी पडली. पुढे या दोघांनी तिला 'हॅकी सॅक' हे नाव दिले. हा खेळ दुखावलेल्या पायाला पुन्हा उभे करण्याच्या खटपटीतून वाढला, ही गोष्ट नवशिक्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९७५ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी हृदयविकाराने मार्शलचे निधन झाले. स्टॉलबर्गरने काम सोडले नाही. त्याने पिशवीची रचना सुधारली, तिचे स्वामित्व नोंदवले आणि शाळाशाळांतून तिचा प्रसार केला. १९८३ साली 'हॅकी सॅक' या नावाचे हक्क एका खेळणी-उद्योगाकडे गेले. ते नाव व्यापारी मुद्रा असल्याने खेळाचे सर्वसाधारण नाव 'फुटबॅग' असे रूढ झाले. याच खेळाची दोन मोठी अंगे आज दिसतात. पाच फूट उंचीच्या जाळीवरून पायाने पिशवी परतवण्याच्या प्रकारास फुटबॅग नेट म्हणतात. दुसरे अंग फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइलच्या स्पर्धेत खेळाडू संगीताच्या साथीने आपल्या करामतींची मालिका सादर करतो आणि परीक्षक अवघडपणा, विविधता व सफाई पाहून गुण देतात. जन्मभूमी अमेरिका असली, तरी पुढे चेक प्रजासत्ताक, पोलंड, फिनलंड, जर्मनी या देशांतून नामांकित खेळाडू निघाले. चेक खेळाडू वाक्लाव क्लोउडा हा अनेकदा जगज्जेता ठरला.

पायाने वस्तू हवेत ठेवण्याची कल्पना आशियाला अपरिचित नाही. चीनमध्ये पिसांचे जियांझी, कोरियात जेगी आणि म्यानमारमध्ये वेताचा चिनलोन चेंडू पायांनी उडवला जातो. चिनलोनमध्ये सहा जण रिंगण करून खेळतात. तेथे प्रतिस्पर्धी नसतो. सहाही जणांचा प्रयत्न एकच, चेंडू खाली पडू न देणे. पॅगोडांच्या उत्सवांतून वाद्यवृंदाच्या साथीने हा खेळ रंगतो. फुटबॅगचे रिंगण पाहिले, की या जुन्या आशियाई रिंगणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

साधन

बाजारातील फ्रीस्टाइल पिशवी सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची असते. मऊ, मखमली पोताच्या कृत्रिम चामड्यासारख्या कापडाचे लहान लहान तुकडे जोडून ती शिवतात. बत्तीस तुकड्यांची पिशवी विशेष प्रचलित आहे. आत प्लास्टिकचे बारीक दाणे, वाळू किंवा धातूचे बारीक गोळे भरतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की पिशवी गच्च भरलेली नसते. ती थोडी सैल असली म्हणजेच पायावर पसरते आणि थांबते. गच्च पिशवी चेंडूसारखी उसळते व नवशिक्याच्या हाती निराशा देऊन जाते.

एका पिशवीवर इतक्या मुलांचे भागेना. तेव्हा गृहमातेने जुन्या गणवेशाच्या जाड कापडाचे तुकडे जोडून काही पिशव्या शिवून दिल्या. पहिल्या पिशव्यांत आम्ही ज्वारी भरली. पावसात त्या भिजल्या आणि चार दिवसांनी कपाटातून कुबट वास येऊ लागला. नंतर चाळलेली, धुऊन वाळवलेली जाडसर वाळू आतल्या घट्ट विणीच्या अस्तरात भरली. पिशवीचा पाऊण भाग भरून पाव भाग मोकळा ठेवला. त्या पिशव्या अजून टिकून आहेत. वाळूची पिशवी जड असल्याने पायावर स्थिर राहते, म्हणून शिकणाऱ्यास तीच सोयीची. शिवण मात्र दुहेरी हवी.

बूट सपाट, रुंद पंजाचे आणि हलके असावेत. परदेशातील फ्रीस्टाइल खेळाडूंमध्ये रॉड लेव्हर या टेनिसपटूच्या नावाचे आदिदासचे साधे बूट वर्षानुवर्षे प्रिय राहिले. नाडी पंज्यापाशी सैल बांधली, की बोटांवरचा भाग पसरट होतो आणि पिशवीला बसावयास जागा मिळते. आमच्या मुलांनी शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवरच शिकावयास आरंभ केला व त्यांचे काही अडले नाही.

पहिली पायरी : बोटांवरचा झेल

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे पिशवीला लाथ मारणे. पाय म्हटला की लाथ, ही आपली समजूत. फ्रीस्टाइलचा पाया मात्र लाथेत नसून झेलात आहे. बुटाच्या बोटांवरच्या भागावर पिशवी थांबवणे यास टो स्टॉल म्हणतात. याच्या सरावाची रीत पुढीलप्रमाणे.

दोन्ही पायांत खांद्याइतके अंतर ठेवावे. ज्या पायावर उभे राहावयाचे त्याचा गुडघा किंचित वाकवावा. ताठ गुडघ्यावर शरीर तोलता येत नाही. पिशवी कमरेच्या उंचीवर, समोर थोडे अंतर ठेवून हातातून सोडावी. ती फेकू नये. दुसरा पाय उचलून घोटा घट्ट ठेवावा आणि बोटे जराशी वर करावीत, म्हणजे बुटाचा पुढचा भाग ताटासारखा सपाट होतो. आता खरे मर्म. पायाने पिशवीला वरच्या वर भेटावे आणि भेटताक्षणी तिच्याबरोबरच खाली यावे. वरून टाकलेले अंडे न फुटता हातात झेलावयाचे असेल तर हात जसा खाली घेतो, तसाच पाय खाली घ्यावा. पिशवीचा वेग पायाच्या वेगाशी जुळला, की ती आपटत नाही, बसते.

नजर पिशवीवर ठेवावी. शरीर मागे झुकू देऊ नये. आमचा सर्वांत हट्टी दोष हाच होता. पाय वर गेला की पाठ मागे जाई, आणि पिशवी पायाच्या पुढे पडे. माजी विद्यार्थ्याने दूरध्वनीवर उपाय सांगितला, "सर, पाय वर नेण्याऐवजी आधी उभा गुडघा वाकवा." दोन दिवसांत फरक पडला.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत आमच्या पायावर पिशवी एकदाही थांबली नाही. तिसऱ्या दिवशी एकदा थांबली. दहाव्या दिवशी पाचांतून दोनदा थांबू लागली. एकदा झेल बसला, की त्याच पायाने पिशवी हळूच सरळ वर द्यावी आणि पुन्हा झेलावी. वर देण्याची उंची कमरेपुरती पुरे. सलग पाच झेलांसाठी आम्हांस सहा आठवडे लागले. आठवीतील मुलांना सरासरी त्याच्या निम्मा काळही लागला नाही.

दोन्ही पायांना समान काम

आपण उजव्या पायाचे असू तर डावा पाय या खेळात अगदीच अडाणी निघतो. त्याला शिकवण्याचा कंटाळा येतो. उजव्यावर चार झेल मिळत असताना डाव्यावर शून्य मिळवण्यात कोणास आनंद वाटणार? म्हणून बहुतेक नवशिके उजवा पायच वापरतात, आणि एका महिन्यानंतर त्यांची प्रगती खुंटते, कारण फ्रीस्टाइलच्या पुढच्या करामती एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणाऱ्या असतात.

आम्ही नियम केला, की सराव नेहमी डाव्या पायापासून सुरू करावयाचा आणि उजव्याला पाच मिनिटे दिली तर डाव्याला दहा द्यावयाची. यामागचे कारण आम्ही वर्गातही सांगितले. डावा पाय जन्मतः कमी प्रतीचा नसतो. त्याला आजवर काम मिळाले नाही, एवढेच. ज्याला संधी नाकारली गेली, त्याला नंतर समान वेळ देऊन भागत नाही. त्याला काही काळ अधिक वेळ द्यावा लागतो, तेव्हा कोठे दोघे बरोबरीने उभे राहतात. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना फार फोड करून सांगावी लागली नाही.

पुढच्या पायऱ्या

बोटांवरचा झेल दोन्ही पायांनी जमू लागला, की पावलाच्या आतल्या बाजूचा झेल घ्यावा. गुडघा बाहेर वळवून पाऊल असे उचलावे, की त्याची आतली कड आकाशाकडे सपाट होईल. जमिनीवर मांडी घालून जेवावयास व अभ्यासास बसणाऱ्या आमच्या मुलांना ही ठेवण पटकन जमली. आम्ही स्वतः खुर्चीला सरावलेले असल्याने आमची कंबर कुरकुरली. पावलाच्या बाहेरच्या कडेने पिशवी वर देणे हाही आरंभीचा एक पाठ आहे. त्यासाठी गुडघा आत आणि पाऊल बाहेर उचलावे लागते.

यानंतर येतो क्लिपर. हा फ्रीस्टाइलचा उंबरठा समजावा. यात झेलणारा पाय उभ्या पायाच्या मागून पलीकडे जातो आणि पावलाच्या आतल्या बाजूवर पिशवी थांबवतो. उजव्या पायाने झेलावयाचे तर पिशवी शरीराच्या डाव्या अंगास टाकावी, डावा गुडघा चांगला वाकवावा आणि उजवे पाऊल मागून नेऊन तिच्याखाली सपाट धरावे. आरंभी पिशवी डोळ्यांआड झाल्यासारखी वाटते. खांदा किंचित वळवून मान तिकडे नेली, की ती दिसते. क्लिपर शिकताना पहिले काही दिवस पिशवीविना केवळ पायाची हालचाल करावी. भिंतीला एक हात टेकून केली तर तोल जात नाही.

मग पाय पिशवीभोवती फिरवण्याचे पाठ सुरू होतात. त्यातील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अराउंड द वर्ल्ड. बोटांवरून पिशवी वर द्यावयाची, ती हवेत असताना त्याच पायाने तिच्याभोवती पूर्ण वळसा घ्यावयाचा आणि पुन्हा त्याच बोटांवर झेलावयाचे. यात पायाच्या वेगापेक्षा पिशवी सरळ वर जाण्याला अधिक महत्त्व आहे. पिशवी वाकडी गेली तर कितीही चपळ पाय तिला गाठू शकत नाही.

करामतींचा अवघडपणा मोजण्यासाठी खेळाडूंनी एक गणित बसवले आहे. पिशवी थांबवणे, पाय शरीरापलीकडे नेऊन झेलणे, पिशवीभोवती पाय फिरवणे, शरीराने गिरकी वा उडी घेणे आणि पायाचा एखादा वेगळाच भाग वापरणे, अशा प्रत्येक घटकासाठी एक अंक मिळतो. साधा टो स्टॉल एका अंकाचा. क्लिपर दोन अंकांचा, कारण तेथे शरीरापलीकडे जाणे आणि थांबवणे असे दोन घटक आहेत. अराउंड द वर्ल्डही दोन अंकांचा. बटरफ्लाय नावाची करामत तीन अंकांची, कारण तिच्यात वळसा आणि क्लिपर एकत्र येतात. ही मांडणी आम्हांस फार आवडली. थक्क करणारी करामतसुद्धा एकेका साध्या घटकाची बेरीज असते. ज्याला बेरीज समजते त्याला ती शिकण्याचा मार्गही दिसतो.

सरावाची वही

खेळ शिकताना आम्ही एक वही ठेवली. रोजची तारीख, वेळ, कोणत्या पायाने सलग किती झेल, आणि कोणता दोष आढळला, एवढीच नोंद. पहिल्या पंधरवड्याची पाने आज वाचताना हसू येते. परंतु पाचव्या आठवड्यात, आता काही प्रगती होत नाही असे वाटून मन खचले, तेव्हा त्याच पानांनी आम्हांस सावरले. कालच्यापेक्षा आज कमी झेल मिळाले होते हे खरे, पण महिन्यापूर्वीच्या आकड्यापुढे आजचा कमी आकडाही कितीतरी मोठा होता.

आमचे विद्यार्थी अष्टांगिक मार्ग मुखोद्गत म्हणतात. त्यातील 'सम्यक व्यायाम' म्हणजे काय असे विचारले, की दरवर्षी कोणीतरी "रोज सकाळी पी.टी. करणे" असे उत्तर देतो. पालीतील 'वायाम' म्हणजे प्रयत्न. तो चार प्रकारचा सांगितला आहे. जे अकुशल अजून जडले नाही ते जडू न देणे, जडलेले सोडणे, जे कुशल अजून आले नाही ते आणणे, आलेले टिकवणे. ही मनाच्या साधनेची गोष्ट आहे याची जाणीव ठेवूनही, मैदानावरच्या सरावाला ती चौकट लावून पाहिली तर तंतोतंत बसते. थकल्यावर सराव थांबवावा, कारण थकलेले शरीर चुकीची ढब उचलते. मागे झुकण्यासारखी जडलेली ढब नेटाने सोडावी. एका वेळी एकच नवी करामत घ्यावी. आणि रोज आरंभ आधी आलेल्या झेलांनी करावा, म्हणजे ते हरवत नाहीत. वीस मिनिटांची वाटणी आम्ही याच चौकटीवर केली. आता पी.टी.चे उत्तर देणाऱ्या मुलालाही आम्ही अर्धे गुण देतो.

सलग लाथांचा विक्रम हा फ्रीस्टाइलहून वेगळा प्रकार असला तरी सरावाचे बळ दाखवण्यासाठी तो येथे नोंदवावासा वाटतो. १९९७ साली अमेरिकेतील टेड मार्टिन या खेळाडूने पिशवी खाली पडू न देता ६३,३२६ वेळा पायाने उडवली. त्यास ८ तास ५० मिनिटे ४२ सेकंद लागले. मुलांना आम्ही याचा भागाकार करावयास सांगितला. सेकंदाला जवळजवळ दोन लाथा, आणि त्या जवळजवळ नऊ तास! "त्याच्या अंगात जन्मतःच असेल, सर," असे एक मुलगा म्हणाला. आम्ही त्याला आमच्या वहीचे पहिले पान दाखवले आणि विचारले, असे पहिले पान त्यालाही असेल की नाही?

रिंगणाचे दोन संकेत

हा खेळ अनेक जण रिंगणात उभे राहूनही खेळतात. त्या रिंगणाचे काही संकेत आहेत. त्यांपैकी दोन आम्हांस माजी विद्यार्थ्याने सांगितले. पहिला संकेत असा, की पिशवी उचलणाऱ्याने ती स्वतःच्या पायावर न टाकता दुसऱ्या कोणाकडे हळूच टाकावी. डावाचा आरंभ दुसऱ्याला देण्याने होतो. दुसरा संकेत असा, की पिशवी पडली तर क्षमा मागावयाची नाही.

पहिला संकेत मुलांनी चटकन स्वीकारला. दुसरा त्यांना जमेना. सहावीतील एक मुलगी नुकतीच वसतिगृहात दाखल झाली होती. पिशवी पडली की ती लगेच "चुकलं सर" म्हणे. दुसऱ्याच्या पायावरून पडली तरी तीच म्हणे. आम्ही नियम समजावला, तेव्हा ती "चुकलं सर, आता नाही म्हणणार" असे म्हणाली. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती रिंगणाबाहेर बसून राहू लागली.

आम्हांस तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून काही सुचावयास हवे होते. ज्या समाजाला शतकानुशतके सावली पडली म्हणूनही क्षमा मागावयास लावले, पाण्याला स्पर्श झाला म्हणून दंड केला, त्या समाजाच्या घरांत हा शब्द मुलांच्या जिभेवर किती आधी येऊन बसतो, हे आम्ही पुस्तकांतून शिकवत आलो. आमच्यासमोर बसलेल्या मुलीच्या तोंडी तो ऐकताना मात्र आम्हांस ती केवळ लाजरी वाटली.

पुढे जे केले ते साधे होते. आम्ही तिला आमच्या शेजारी उभे केले आणि तिला एकच काम दिले. आमच्या पायावरून पडलेली पिशवी तिने मोजावयाची. त्या सायंकाळी तिने वीस मिनिटांत एकेचाळीस वेळा पिशवी पडल्याचे मोजले आणि आकडा आमच्या वहीत लिहिला. आम्ही एकदाही क्षमा मागितली नाही, हेही तिने पाहिले असावे. चौथ्या दिवशी ती विचारती झाली, "सर, मी मोजायचं सोडून खेळू का?" महिन्याभराने तिच्या पायावरून पिशवी पडली, तिने वाकून ती उचलली आणि काही न बोलता पलीकडच्या मुलाकडे टाकली. रिंगणात कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

वर्गात परतलेला धडा

येथे आम्हांस आमच्या स्वतःच्या एका दोषाची नोंद करणे भाग आहे. चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटताना गुण मोठ्याने वाचून दाखवण्याची आमची पद्धत होती. सर्वाधिक गुणांपासून आरंभ करून आम्ही खाली येत असू. शेवटची चार-पाच नावे पुकारली जात, तेव्हा ती मुले मान खाली घालून उठत आणि पुष्कळदा "चुकलं सर" असेच म्हणत. यामुळे त्यांना ईर्षा वाटेल व ती अभ्यास करतील, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. सत्तावीस वर्षे आम्ही हे केले.

वसतिगृहातील मुलांसमोर एकेचाळीस वेळा पिशवी पाडल्यावर आम्हांस कळले, की पडणे मोजले गेल्याने माणूस खचत नाही. ते कोणासाठी मोजले जाते, यावर सारे अवलंबून असते. वहीतला आमचा आकडा आमच्या कालच्या आकड्याशी ताडला जाई, आणि म्हणून तो उपयोगी पडे. वर्गात आम्ही शेवटच्या मुलाचा आकडा पहिल्या मुलाच्या आकड्याशी ताडत होतो, तोही सर्वांच्या कानांवर घालून. त्यातून त्याला पुढे काय करावे हे कधीच समजत नव्हते. तो फक्त आपण कोण आहोत एवढे ऐकून खाली बसत होता.

गेल्या सत्रापासून आम्ही गुण वाचणे बंद केले. प्रत्येक विद्यार्थ्याला इतिहासाची एक छोटी वही दिली आहे. तीत चाचणीची तारीख, गुण आणि 'पुढच्या वेळी काय सुधारावयाचे' असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना मुलाने स्वतः भरावयाचा व आम्ही त्याखाली एक ओळ लिहावयाची. याने वर्गाचा निकाल किती वाढेल हे आज सांगणे घाईचे ठरेल. एवढे मात्र खरे, की उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर मुले पूर्वी ती दप्तरात दडवीत, ती आता उघडून वाचतात. ज्या विद्यार्थ्यांची नावे आम्ही सत्तावीस वर्षे शेवटी पुकारली, त्यांतील काही आज या स्मरणिकेचे वाचक असतील. फुटबॅगच्या रिंगणात क्षमा मागावयाची नसते, पण त्यांच्यापुढे मात्र आम्ही ती मागतो.

नवशिक्यांसाठी

शेवटी, ज्या विद्यार्थिमित्रांना हा खेळ शिकावासा वाटेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिशवी सैल भरावी. सराव रोज थोडा करावा. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे बरी. आरंभी घोटे, गुडघे व कंबर हळूहळू मोकळी करून घ्यावी, आणि गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी थांबावे. ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर खेळू नये. कमजोर पायाला आधी व अधिक वेळ द्यावा. दिवसाच्या नोंदीसाठी एक वही ठेवावी. आणि आपल्यापेक्षा कमी येणाऱ्याला शेजारी उभे करून घ्यावे.

आमच्या वहीत आजच्या तारखेस डाव्या पायाचे सलग नऊ झेल, उजव्याचे चौदा, आणि क्लिपर दहांतून तीन वेळा अशी नोंद आहे. अराउंड द वर्ल्ड अद्याप एकदाही साधले नाही. सहावीतील ती मुलगी आता सातवीत आहे आणि तिला ते दोन्ही पायांनी येते. सायंकाळी ती आम्हांस शिकवते. पिशवी पडली, की आम्ही वाकून ती उचलतो आणि तिच्याकडे टाकतो.